पदाजीच्या वर्तनाची वही

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि सातवीची फायनलही गणितात गेली, हे मी प्रथमच नमूद करून ठेवतो. तालुक्याच्या कचेरीसमोर बसून मी जे अर्ज लिहितो ते वाचून पुष्कळांचा असा समज होतो की, हा गृहस्थ कोठेतरी वकिली शिकून आला असावा. तसे काही नाही. लिहिण्याविषयी मला जे समजते त्यातले निम्मे मी अक्षर घोटून मिळवले आणि उरलेले निम्मे एका वहीने मला शिकवले. ती वही माझ्याच हातची होती आणि ती खोटी होती. तिच्यामुळे एका मुलाचे शाळेतून नाव गेले.

आमचे घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर होते. वडील रेवसच्या धक्क्यावर नाकेदार होते. ओहोटीला तेथे नुसता चिखल उघडा पडतो आणि मुंबईची लाँच धक्क्याला लागत नाही. त्यामुळे लाँचीची वेळ भरतीबरोबर रोज बदले. वडील रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची भरती आणि लाँचीची वेळ खडूने एका फळीवर लिहीत आणि घरी आल्यावर तीच आईला सांगत, कारण आमच्या घरातली चूलही त्या वेळेवर चाले. वडील कधी सकाळी नऊलाच जेवून जात, तर कधी दुपार टळेपर्यंत घरी असत. आई तांदळाची भाकरी थापता थापता विचारी, "उद्या पाणी कवा?" वडील सांगत, आणि ती त्याप्रमाणे वाल भिजत घाली किंवा सुका जवळा निवडायला घेई. लाँचीचा भोंगा आमच्या घरात स्पष्ट ऐकू येई. मला पाढे कधी नीट आले नाहीत. परंतु तिथी सांगितली की भरती केव्हाची, हे मी बोट न मोडता सांगत असे. आमच्या बाजूच्या कोणत्याही मुलाला ते येई, त्यात माझी काही विशेष हुशारी नव्हती.

शाळा दोन खोल्यांची होती. पहिल्या खोलीत पहिली ते चौथीचे वर्ग धाकट्या गुरुजींकडे, दुसऱ्या खोलीत पाचवी ते सातवी मोठ्या गुरुजींकडे. मोठ्या गुरुजींकडे गावचे टपालही होते. आमच्या खोलीला लागून एक अंधारी कोठी होती. तिच्यात टपालाची पिशवी, तिकिटांची पेटी, शिक्का आणि शाळेचे एकुलते एक घड्याळ. गुरुजी आम्हांला शुद्धलेखनाला किंवा गणितांना बसवून कोठीत जात आणि तेथून नुसत्या आवाजावर वर्ग चालवीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. एका माणसाकडे दोन खाती असली की असेच होते, आणि आजच्या कचेऱ्यांतही मी तेच पाहतो. वर्गनायक मी होतो. गुरुजींनी मला नेमले ते अक्षरावरून. मुले मला मुनीम म्हणत.

पदाजी, म्हणजे पदू, वर्गात सर्वांत उंच होता. खारेपाटात बांधाच्या अगदी टोकाला त्याचे घर. बाप मुंबईला गोदीत कामाला. पदूचे वागणे कोणाला उमगत नसे. आठ आठ दिवस तो बसकरावर मांडी घालून असा बसे की, वर्गात आहे की नाही कळू नये. मग एकाएकी चार-पाच दिवस त्याच्या अंगात काही तरी संचारे. खिडकीतून खाडीकडे पाही, चुळबुळ करी, पाटीवर पेन्सिल आपटू लागे, पुढच्याची टोपी उडवी, भिंतीला लाथा मारी.

"कोण रे तो?" कोठीतून आवाज येई.

"पदू, गुरुजी," मी सांगे.

"हो बाहेर."

पदू दप्तर बगलेत मारून बाहेर होई. शिक्षा दारात उभे राहण्याची असे. पण बाहेर गेलेला पदू त्या दिवशी पुन्हा दिसत नसे. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल दोन छड्या. छडी खाताना तो हात मागे घेत नसे, हेही मोठ्या गुरुजींना उद्धटपणाचे वाटे. त्यांनी त्याच्यापुरता एक शब्द ठरवून टाकला होता: वांड. फायनलला बसणाऱ्यांचे फॉर्म लवकरच जायचे होते आणि त्याआधी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. वांड मुलगा त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून पदूचे नाव कमी करावे, असे मोठ्या गुरुजींच्या मनात आले. नाव कमी झाले की फॉर्म जाणार नाही, आणि फायनल नसली की पदूला बापामागे गोदीत ओझी वाहण्याशिवाय दुसरे काही उरणार नाही, हे सर्वांना कळत होते.

धाकटे गुरुजी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतेच आलेले आणि घाटावरचे. त्यांनी पदूला एकदा बाजूला घेऊन विचारले, तेव्हा पदू एवढेच म्हणाला, "बांधावं जातंय." आमच्या खारेपाटातली भातशेती समुद्राला बांध घालून राखलेली आहे. बांधात जागोजाग लाकडी दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातले जादा पाणी सोडायचे आणि भरती चढायच्या आत फळ्या बसवून, चिखलाने लिंपून बंद करायची. ज्याचे शेत उघाडीला लागून, त्याच्या घराकडे उघाडी, असा रिवाज. त्या घराला मग बांधाचे दुसरे काम लागत नसे. मोठ्या उधाणाचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरचे चार-पाच, दिवस तेवढे जपायचे; भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी उघाडीच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. हे सगळे मोठ्या गुरुजींनीच धाकट्या गुरुजींना समजावून दिले आणि वर म्हणाले, "पण हा मुलगा खोटं बोलतो. कामाला जाणारं पोर असा दंगा कशाला घालील?"

"मग लिहूनच ठेवू," धाकटे गुरुजी म्हणाले. "नाव कमी केलं तर दिपोटी विचारतील, मुलाने केलं काय? नुसतं वांड आहे म्हणून भागणार नाही. महिनाभर वही ठेवू. तो खरं बोलत असेल तर त्याची वेळ भरतीबरोबर सरकत जाईल."

मोठ्या गुरुजींना दिपोटींचा मुद्दा पटला. हे बोलणे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वेळी वहीचे कारण मला मुद्दामच सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी कोणाच्या तरी बाजूने लिहिले असते, असे धाकट्या गुरुजींना वाटले असावे.

एका दुपारी मोठे गुरुजी तालुक्याला गेले असता धाकटे गुरुजी आमच्या वर्गात आले आणि त्यांनी विचारले, "वांड म्हणजे काय रे?"

"वांड म्हंजे पदू," मागून कोणी तरी म्हणाले. पदूही हसला.

"तो झाला माणूस. वांडपणा मला दाखवा. डोळ्यांना काय दिसतं?"

"पाटी आपटतंय."

ते त्यांनी फळ्यावर लिहिले.

"गण्याची टोपी उडवतंय."

तेही लिहिले. मी म्हणालो, "गुरुजी, तो उर्मटपणे पाहतो." गुरुजींनी 'पाहतो' एवढेच लिहिले. मी म्हणालो, "उर्मटपणे राहिलं." ते म्हणाले, "ते तुझ्या डोक्यातलं आहे. त्याच्या तोंडावरचं सांग." मला ते अपमानास्पद वाटले. आज माझ्याकडे येणारा प्रत्येक पक्षकार 'समोरचा इसम अत्यंत नीच आहे' येथपासून सुरुवात करतो, आणि मी त्याला विचारतो की, त्या इसमाने कोणत्या दिवशी काय केले ते सांगा. कित्येकांना ते सांगता येत नाही आणि ते उठून दुसऱ्याकडे जातात.

मग गुरुजींनी मला एक कोरी वही दिली. तारीख, वेळ, आधी काय चालले होते, पदूने काय केले, पुढे काय झाले, असे पाच रकाने आखून दिले आणि म्हणाले, "बाकीचं थोडं चुकलं तरी चालेल. वेळ सांभाळ."

मी नेमकी तीच सांभाळली नाही. घड्याळ कोठीत होते. पहिल्या दिवशी मी ते पाहायला गेलो तेव्हा मोठे गुरुजी पिशवीतून डोके वर न काढता म्हणाले, "घड्याळ म्हणजे काय तमाशा आहे? बस जा." त्यानंतर मी गेलोच नाही. दिवस तेवढे एका चिठोऱ्यावर टिपून ठेवी आणि शनिवारी घरी ओटीवर बसून, टाकाने, सावकाश, सगळी वही भरी. वेळेच्या रकान्यात काही तरी घालणे भाग होते. दोन वाजता गणित असे, आणि वर्गातून उठून जावेसे मला स्वतःला त्याच वेळी वाटे. मी दोन लिहिले. पुढच्या ओळीतही दोन लिहिले. एकाखाली एक सारखे आकडे आल्याने रकाना फार देखणा दिसू लागला, आणि मग दुसरा आकडा घालून तो बिघडवणे माझ्या जिवावर आले. मुले म्हणत, "मुनीम, माजा बी नाव लिव, पन वर लिव." मी कोणाला वहीला हात लावू देत नसे.

महिना भरला. शनिवारी सकाळच्या शाळेला पदूच्या आईला बोलावले. तिने लुगडे गुडघ्यापर्यंत खोचले होते, पायांवर वाळलेला चिखल होता, आणि तिचे दिवस भरत आले होते. ती येणार म्हणून धाकटे गुरुजी आपले वर्ग सोडून आमच्या खोलीत आले.

"आत या," ते म्हणाले.

"पाय चिकलाचं हायत," ती म्हणाली आणि दारातच टेकली.

"तुमचा मुलगा वर्गात दंगा करतो आणि निघून जातो," मोठे गुरुजी म्हणाले. "कुठे जातो?"

"उघारी लावाला. मना फल्या उचलवत न्हाय आता. भात पोटरीला आयलंय. खारा पानी शिरला तं वरीसभर खावाचा काय?"

"मग विचारून जायचं."

"इचारलं व्हता," पदू म्हणाला. "तुमी बोल्ले, घरची चिठी आन. चिठी कोन देल? बा मुंबयला, आयेला लिवता येत न्हाय."

"म्हणून पाट्या आपटायच्या?"

"पाटी आपटली का तुमी भायेर काढता," पदू म्हणाला.

वर्ग हसला. धाकटे गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पदूकडे असे पाहिले की, जणू फार दिवस शोधलेली वस्तू त्यांना हाती लागली. मग वळून म्हणाले, "रघुनाथ, वही आण." मी दिली. त्यांचे बोट वेळेच्या रकान्यावरून खाली उतरत गेले. मध्ये एकदा थांबले आणि पुन्हा वरून उतरू लागले. त्यांनी वही मोठ्या गुरुजींपुढे ठेवली.

मोठ्या गुरुजींनी ती वाचली. "बाई, तुम्ही खाडीवरच्या," ते म्हणाले. "भरती रोज दोनला येते?"

गुरुजी थट्टा करताहेत असे तिला वाटले असावे. "रोज एका वक्ताला कशी येल? रोज दोन घटका उशीर व्हतंय."

"तेच मी म्हणतो. तुमचा मुलगा रोज दोनला जातो. दोनला इथे गणित असतं."

"खोटा हाय ता," पदू म्हणाला.

"मी डोल्यान बगतंय ना," आई म्हणाली. "पानी चढाच्या आदी येतंय."

"तुमच्याकडे घड्याळ आहे?"

"न्हाय."

"इथे आहे." गुरुजींनी वही तिच्याकडे वळवून धरली. "हे अक्षर पाहा. असं लिहिणारा मुलगा खोटं लिहील?"

तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. नंतर माझ्याकडे पाहिले. मी बसकराच्या काथ्याकडे पाहत होतो. "लिवलंय तसा तं मी काय बोलू," ती म्हणाली आणि दाराची चौकट धरून उठली. मोठ्या गुरुजींनी हजेरीपत्रक काढून पदाजीच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली.

मोठे गुरुजी टपालात डोके घालून 'हो बाहेर' म्हणत, तेव्हा वेळ पाहत नसत, आणि मुलांनी ती कधी मोजली नव्हती. वर्गातल्या तीस-चाळीस माणसांत वही खोटी आहे हे ठामपणे सांगू शकणारे दोघेच होते, आणि त्यांपैकी एकाला खोटारडा ठरवून झाले होते. मी का बोललो नाही, याचा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. भीती होतीच. परंतु माझ्या अक्षराची एवढी तारीफ त्यापूर्वी चारचौघांत कोणी केली नव्हती, हेही येथे लिहून ठेवणे योग्य होय.

घरी आलो तेव्हा वडील जेवायला बसले होते. वालाचे बिरडे होते. मी पदूचे नाव कमी झाल्याचे सांगितले आणि वहीमुळे झाले असेही सांगितले. वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"घड्याळ कितीदा बघितलंस?"

मी तांब्या घेऊन हात धुऊ लागलो.

"आज भरती कवाची?"

"साडेतीन."

"उद्या?"

"सव्वाचार."

"परवा?"

"पाच."

"आणि तुझ्या वहीत?"

"दोन," मी म्हणालो.

"मी फळीवर रोज दोन लिहिलं तर लोकं चिखलात बसतील," वडील म्हणाले आणि आईकडे वळून, "बिरडं वाढ गो थोडं." मग ते जेवून छत्री घेऊन धक्क्यावर गेले.

रविवारी दिवेलागणीला ते परत आले आणि पाय धुताना म्हणाले, "तो तुमचा पदाजी आज लाँचीत बसला. हातात बोचकं होतं. सोबत कोणी नव्हतं."

सोमवारी शाळा भरण्याआधीच मी धाकट्या गुरुजींच्या खोलीवर गेलो. ते स्टोव्हला पंप मारीत होते. मी सगळे सांगितले. ते रागावतील आणि प्रकरण तेथेच मिटेल, अशी माझी कल्पना होती. त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि कागद पुढे सरकवला. "मोठ्या गुरुजींना अर्ज लिही."

मी लिहिले की, मी अधम, पापी व क्षमेस अपात्र असा विद्यार्थी असून माझ्या हातून घोर अपराध घडला आहे. त्यांनी वाचून कागद परत दिला. "तू कसा आहेस ते कोणी विचारलं नाही. काय केलंस ते लिही." मी दुसरा कागद घेतला. त्यावर शेवटी चारच ओळी राहिल्या: वहीतील वेळा मी घड्याळ पाहून लिहिलेल्या नाहीत. सर्व वेळा मी शनिवारी घरी बसून लिहिल्या. पदाजी निरनिराळ्या वेळी जात असे. शनिवारी मला हे माहीत असून मी सांगितले नाही. आजवर मी जे अर्ज लिहिले त्यांत याहून आखूड अर्ज नाही, आणि एकही शब्द कमी करता येणार नाही असाही दुसरा नाही.

मोठ्या गुरुजींनी तो दोनदा वाचला. मी हात पुढे केला होता, पण त्यांनी छडी घेतली नाही. "याच्यावर वेळ घाल," ते म्हणाले. "घड्याळ बघून घाल." मी कोठीत जाऊन पाहिले आणि अकरा वाजून वीस मिनिटे असे लिहिले. त्यांनी हजेरीपत्रकातल्या तांबड्या रेघेशेजारी 'चुकीने' असे लिहून सही केली. वर्गनायकपद माझ्याकडून काढून गण्याला दिले. आणि मुलास शाळेत पाठवावे, उधाणाच्या दिवशी त्याला चिठ्ठीशिवाय सोडण्यात येईल, अशी एक चिठ्ठी लिहून ती पदूच्या आईला वाचून दाखवण्यासाठी मलाच पाठवले.

मी बांधावरून गेलो तेव्हा तीन वाजत आले होते. ती उघाडीत उभी होती, गुडघाभर पाण्यात, आणि एक फळी खाचेत बसवायला पाहत होती. फळीचे एक टोक बसले की दुसरे सुटे. माझ्या हातातल्या कागदाकडे तिने लक्ष दिले नाही. "तवरा टोक धर," ती म्हणाली. मी विजार वर करून उतरलो आणि धरले. एकंदर पाच फळ्या होत्या. तिने चिखल थापला, बांधावर बसून दम खाल्ला आणि म्हणाली, "आता वाच."

मी वाचले.

"पोर तं गेला," ती म्हणाली. "बापाकडं धाडला. शाला न्हाय तं कमवल तरी." हाताचा चिखल बांधावरच्या गवताला पुसून म्हणाली, "तुला लिवाला येतंय ना? त्याचे बापाला लिव. पोराला पाठव म्हून लिव."

माझ्या खिशात पेन्सिल होती. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी लिहू लागलो आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागलो. शाळेकडून चूक झाल्याने पदाजीचे नाव कमी झाले होते, ते आता पुन्हा घातले आहे, असे माझे वाक्य होते.

"शालेकरना?" तिने विचारले. "शालेनं लिवलं व्हता?"

"न्हाय."

"मंग ज्यानं लिवला त्याचा नाव घाल. बापाला कलला पायजे, पोर खोटा बोल्ला न्हाय."

मी ते वाक्य खोडले. वही मी लिहिली, चूक माझी, असे लिहून खाली माझे पूर्ण नाव घातले. तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावले आणि कागदाची घडी करून कनवटीला लावली. कोणी ओळखीचा लाँचीने जाणार होता, त्याच्या हाती ती देणार होती.

आठव्या दिवशी पदू परत आला. त्याच्या बापाने ते पत्र गोदीतल्या कोणाकडून तरी वाचून घेतले आणि मुलाला त्याच दिवशी भाऊच्या धक्क्यावर आणून सोडले, एवढेच मला कळले; तेही पदूने मला सांगितले नाही. त्याचा फॉर्म गेला. वही आता धाकटे गुरुजी स्वतः सांभाळीत. मधल्या दाराजवळ बसून ते दोन्ही खोल्यांवर लक्ष ठेवू लागले होते.

पुढचे उधाण लागले. पावणेबाराच्या सुमारास पदूने खिडकीतून पाहिले, पाटी दप्तरात घातली आणि उठून उभा राहिला. "गुरुजी, जातंय," तो म्हणाला. कोठीतून आवाज आला, "जा." कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही, सगळे शुद्धलेखन लिहीत होते. दाराकडे जाण्याची वाट माझ्या बसकराजवळून होती. मी पाय आखडून त्याला जागा करून दिली. तो माझ्याकडे न पाहता गेला, आणि फायनल होईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिले नाही.